पडदा आणि कायदा: इजिप्तमधील स्त्रियांच्या चळवळीचा इतिहास

एखाद्या मोठ्या चळवळीची आठवण लोकांच्या मनात बहुधा एका चित्राच्या रूपाने टिकून राहते. तारखा विसरल्या जातात, ठराव विस्मृतीत जातात, कायद्यांची कलमे तर कोणाच्या ध्यानातच नसतात. पण चित्र मात्र पुसले जात नाही. इजिप्त देशातील स्त्रियांच्या चळवळीचे असे चित्र म्हणजे कैरो शहराचे रेल्वे स्टेशन होय. इ. स. १९२३ च्या मे महिन्यात रोम येथे स्त्रियांच्या मताधिकारासाठी झटणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघाची परिषद भरली होती. तेथून परत आलेल्या हुदा शारावी आणि त्यांच्या तरुण सहकारी सैझा नबरावी या दोघींनी, स्वागतास जमलेल्या स्त्रियांच्या देखत, आपल्या तोंडावरील पडदा दूर केला. क्षणभर स्तब्धता पसरली. मग टाळ्यांचा गजर झाला, आणि जमलेल्यांपैकी काही जणींनी आपापले पडदेही तेथेच काढून टाकले.

हे चित्र खरे आहे आणि त्यातील धैर्यही खरे आहे. तथापि चित्राच्या अंगी एक दोष असतो. चौकटीबाहेरचे ते काही दाखवीत नाही. त्या दिवशी दूर झाला तो केवळ मुखावरील पडदा. मस्तकावरील आच्छादन पूर्ववत् होते. शिष्टमंडळातील तिसऱ्या सभासद नबविया मूसा यांनी तर तो पडदा कित्येक वर्षे आधीच, फारसा गाजावाजा न करता, टाकून दिला होता. आणि मुख्य गोष्ट अशी की, स्टेशनावरील त्या प्रसंगापूर्वी काही आठवडे, १९ एप्रिल १९२३ रोजी, इजिप्तची नवी राज्यघटना जाहीर झाली होती. सर्व इजिप्शियन कायद्यापुढे समान आहेत असे त्या घटनेने सांगितले, आणि तिच्या पाठोपाठ निघालेल्या निवडणुकीच्या कायद्याने मताचा अधिकार फक्त पुरुषांना दिला. टाळ्यांच्या गजरात ही दुसरी गोष्ट जगाच्या ध्यानी आली नाही. ती शारावीबाईंच्या मात्र पुरती ध्यानी आली होती.

पडदा ज्याचा त्याला स्वतःच्या हाताने दूर करता येतो. कायदा तसा दूर करता येत नाही. त्यासाठी कायदा करणाऱ्यांत आपले माणूस असावे लागते, न्याय देणाऱ्यांत असावे लागते, आणि दोन्हीकडे नसेल तर निदान मागणी करावयास आपली स्वतंत्र संस्था तरी असावी लागते. इजिप्तमधील स्त्रियांच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे तो पडद्याच्या चित्रापेक्षा निराळा, अधिक खडतर आणि अधिक बोधप्रद दिसू लागतो. तो तसा वाचकांपुढे ठेवावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या चळवळीचा उगम पुष्कळदा एका पुरुषाच्या पुस्तकात शोधला जातो. फ्रान्समध्ये शिकून आलेले न्यायाधीश कासिम अमीन यांनी इ. स. १८९९ मध्ये ‘स्त्रीची मुक्तता’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यावर एकच वादळ उठले. तलत हर्ब यांच्यासारख्या विद्वानांनी त्यास उत्तर म्हणून स्वतंत्र पुस्तके लिहिली. अमीन यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या आधी सात वर्षे, १८९२ मध्ये, अलेक्झांड्रिया येथे हिंद नौफल नावाच्या तरुणीने स्त्रियांसाठी ‘अल्-फताह’ हे मासिक सुरू केले होते. कवयित्री आयशा तैमूर आणि चरित्रकोश लिहिणाऱ्या झैनब फव्वाझ या दोघींची लेखणीही त्यापूर्वीच चालू झाली होती. सारांश, पुरुषांचा वाद पेटण्यापूर्वी स्त्रियांनी आपला प्रश्न आपल्या शब्दांत मांडावयास आरंभ केला होता.

या वादास आणखी एक विचित्र रंग चढला होता, तो परकीय सत्तेमुळे. १८८२ पासून इजिप्त इंग्रजांच्या ताब्यात होता आणि लॉर्ड क्रोमर हे तेथील खरे राज्यकर्ते होते. इस्लामने स्त्रियांना हीन स्थितीत ठेवले, हे ते आपल्या लेखनात पुनःपुन्हा सांगत. पण त्यांच्याच अमलात सरकारी शाळांतील फी वाढली व मुलींचे शिक्षण रखडले. आणि इंग्लंडला परतल्यावर तेथील स्त्रियांना मत मिळू नये म्हणून पुरुषांनी काढलेल्या संघाचे ते अध्यक्ष झाले! परकीय राज्यकर्त्याने स्त्रियांच्या दुःखाचा असा दाखला दिला म्हणजे सुधारणेच्या वाटेत मोठा काटा पडतो. जी स्त्री आपल्या घरातील अन्यायाविरुद्ध बोलेल तिला ‘तू क्रोमरची भाषा बोलतेस’ असे म्हणण्याची सोय होते. ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ हा आपल्याकडील जुना वाद ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना ही अडचण समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. इजिप्तच्या स्त्रियांची पहिली कसोटी ही होती की, परकीयाच्या हाती कोलीत न देता स्वकीयांना खरे बोलावयाचे कसे.

ही कसोटी प्रथम ज्यांनी पार पाडली त्या मलक हिफ्नी नासिफ. १८८६ साली जन्मलेल्या या विदुषीचे शिक्षण कैरोच्या सानिया शाळेत झाले आणि त्या तेथेच शिक्षिका झाल्या. १९०७ मध्ये फयूम प्रांतातील एका बेदुइन सरदाराशी त्यांचा विवाह झाला. सासरी गेल्यावर त्यांना कळले की, नवऱ्याला आधीची एक बायको आहे. या आघाताने त्या खचल्या नाहीत. ‘बाहिथत अल्-बादिया’, म्हणजे वाळवंटातील शोधक स्त्री, हे टोपणनाव घेऊन त्यांनी लेख लिहिले व व्याख्याने दिली. सवतीचे दुःख, एकतर्फी तलाक, मुलींचे अज्ञान यांवर त्या स्वानुभवाच्या अधिकाराने बोलत. पडदा मात्र एका फटक्यात टाकावा असे त्यांचे मत नव्हते. आधी स्त्रियांना शिक्षण द्या, आधी पुरुषांना रस्त्यात सभ्यपणे वागावयास शिकवा, मग पडद्याचे काय ते पाहू, असा त्यांचा रोख असे. स्त्रीने कोणते वस्त्र घालावे याचा हुकूम पुरुषाने सोडावा, मग तो पडदा घालण्याचा असो की काढण्याचा, हेच त्यांना खटकत होते.

१९११ मध्ये हेलिओपोलिस येथे इजिप्शियन परिषद भरली तेव्हा मलकबाईंनी तिच्याकडे स्त्रियांच्या मागण्या लिहून पाठविल्या. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण, मशिदीत जाऊन प्रार्थना करण्याची मुभा, बहुपत्नीत्व व तलाक यांवर निर्बंध, असे त्यांचे स्वरूप होते. परिषद पुरुषांची होती, सबब त्या मागण्या एका पुरुषाने वाचून दाखविल्या. त्या मान्य झाल्या नाहीत. १९१८ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, इन्फ्लुएंझाच्या साथीने मलकबाईंचे देहावसान झाले. त्यांच्या स्मरणार्थ भरलेल्या सभेत हुदा शारावी यांनी आपले पहिले जाहीर भाषण केले.

मलकबाईंच्या समवयस्क नबविया मूसा यांची वाट निराळी होती. शिक्षिका म्हणून काम करताना त्यांच्या असे ध्यानात आले की, पुरुष शिक्षकांना आपल्यापेक्षा किती तरी अधिक वेतन मिळते. कारण विचारता उत्तर मिळाले की, पुरुषांजवळ माध्यमिक परीक्षेचे प्रशस्तिपत्र असते. मुलींसाठी तशी शाळाच नव्हती. तेव्हा मूसाबाईंनी घरी अभ्यास करून १९०७ मध्ये ती परीक्षा दिली आणि त्या उत्तीर्ण झाल्या. त्यांच्यानंतर इजिप्शियन मुलीस ती परीक्षा उत्तीर्ण होण्यास सुमारे वीस वर्षे लागली. पगाराच्या आकड्यातून स्त्रियांच्या हक्काचा प्रश्न किती नेमका मांडता येतो याचे हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हुदा शारावी यांचा जन्म १८७९ चा. वडील सुलतान पाशा मोठे जमीनदार व वजनदार राजकारणी होते. मुलगी पाच वर्षांची असतानाच ते वारले. जनानखान्यात वाढणाऱ्या या मुलीने कुराण पाठ केले, ती तुर्की व फ्रेंच शिकली; पण आपल्या मातृभाषेचे, अरबीचे, व्याकरण शिकावे अशी तिला फार ओढ होती. त्यासाठी तिने शिक्षकाकडून पुस्तक मागविले. घरातील कारभारी खोजाने ते परत नेण्यास सांगितले. हिला कोठे न्यायकचेरीत बसावयाचे आहे, अशा आशयाचे त्याचे उद्गार तिने आपल्या आठवणींत नमूद करून ठेविले आहेत. तेराव्या वर्षी तिचे लग्न तिच्याहून वयाने पुष्कळ मोठ्या अशा चुलतभावाशी, अली शारावी यांच्याशी, लावून देण्यात आले. पुढे पतिपत्नी सात वर्षे वेगळी राहिली. या सात वर्षांत मिळालेले वाचन, संगीत आणि मैत्रिणींचा सहवास हेच शारावीबाईंचे खरे विद्यापीठ ठरले.

मग १९१९ साल उजाडले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इजिप्तच्या स्वातंत्र्याची मागणी करण्यासाठी साद झगलूल पाशांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ तयार झाले. शिष्टमंडळास अरबीत ‘वफ्द’ म्हणतात. हेच पुढे त्या पक्षाचे नाव झाले. अली शारावी हे त्याच्या आद्य पुरस्कर्त्यांपैकी एक. ८ मार्च रोजी इंग्रजांनी झगलूल यांना पकडून माल्टास पाठविले आणि देशभर उठाव झाला. १६ मार्च रोजी कैरोच्या रस्त्यांवरून स्त्रियांनी निषेधाची मिरवणूक काढली. ज्या घराण्यांतील स्त्रिया बंद गाडीवाचून बाहेर पडत नसत, त्या त्या दिवशी पायी चालल्या. सशस्त्र गोऱ्या शिपायांनी त्यांना वेढा घातला व भर उन्हात सुमारे तीन तास उभे करून ठेविले. आपल्यावर रोखलेल्या बंदुकीपुढे शारावीबाई हटल्या नाहीत. महायुद्धात जर्मनांनी गोळ्या घालून ठार केलेल्या इंग्रज परिचारिका एडिथ कॅव्हेल यांची त्यांनी त्या शिपायास आठवण करून दिली. इजिप्तलाही तशी एक स्त्री मिळू दे, असा त्यांच्या बोलण्याचा भाव होता. त्या दिवसांत गोळीस बळी पडल्या त्या मात्र बहुतेक गरीब वस्त्यांतील स्त्रिया. हमीदा खलील, शफीका मुहम्मद ही त्यांपैकी दोघींची नावे. त्यांची तैलचित्रे कोणाच्या दिवाणखान्यात लागली नाहीत. म्हणून ती नावे येथे मुद्दाम लिहिली पाहिजेत.

१९२० च्या जानेवारीत वफ्द पक्षाच्या स्त्रियांची मध्यवर्ती समिती स्थापन झाली व शारावीबाई तिच्या अध्यक्ष झाल्या. पुढारी कैदेत किंवा हद्दपारीत असत तेव्हा निरोप पोचविणे, पैसा गोळा करणे, इंग्रजी मालावरील बहिष्कार चालविणे ही कामे या स्त्रियांनी केली. आणि तरीही त्याच वर्षी, स्वातंत्र्याच्या वाटाघाटींचा मसुदा मतासाठी फिरविण्यात आला तेव्हा तो समितीला दाखविण्याची तसदी पक्षाने घेतली नाही! शारावीबाईंनी झगलूल पाशांना निषेधाचे पत्र धाडले. संकटाच्या वेळी आम्ही तुमच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहावयाचे, आणि निर्णयाच्या वेळी आम्हांस विचारावयाचेही नाही, हा कोणता न्याय, असा तो सवाल होता.

या सवालाचे उत्तर लवकरच मिळाले. फेब्रुवारी १९२२ मध्ये इजिप्तला नावापुरते स्वातंत्र्य मिळाले आणि पुढल्या वर्षी वर सांगितलेली घटना व निवडणुकीचा कायदा आला. १५ मार्च १९२४ रोजी नव्या पार्लमेंटचे उद्घाटन झाले. त्या समारंभास स्त्रियांना प्रवेश होता तो केवळ मंत्र्यांच्या व बड्या अधिकाऱ्यांच्या पत्नी म्हणून. पाच वर्षांपूर्वी बंदुकांपुढे उभ्या राहिलेल्या स्त्रिया त्या दिवशी दाराबाहेर आपल्या बत्तीस मागण्यांचे फलक घेऊन उभ्या होत्या. त्याच वर्षी शारावीबाईंनी वफ्दच्या समितीचा राजीनामा दिला.

सुदैवाने त्यांच्यापाशी आता दुसरे साधन होते. १६ मार्च १९२३ रोजी, १९१९ च्या मिरवणुकीच्या बरोबर चौथ्या वाढदिवशी, त्यांनी इजिप्शियन स्त्रीसंघ स्थापन केला होता. स्टेशनावरील प्रसंगापेक्षा ही घटना मला अधिक महत्त्वाची वाटते. पक्षाच्या पंखाखालून निघून स्त्रियांनी आपल्या प्रश्नासाठी आपली संस्था उभारली, तेथून या चळवळीचा खरा आरंभ होतो. संघाने दवाखाना व हस्तव्यवसायाची शाळा चालविली. १९२५ पासून सैझा नबरावी यांच्या संपादकत्वाखाली फ्रेंच भाषेत, व १९३७ पासून अरबीतही, आपले नियतकालिक काढले. फ्रेंच ही त्या काळच्या सरदार-सावकारांच्या घरांतील भाषा होती, आणि संघ मूठभर श्रीमंत स्त्रियांचा आहे या टीकेत बरेच तथ्य होते. नाईलकाठच्या शेतकरीणीला ते मासिक वाचता येणे शक्य नव्हते; अरबी आवृत्ती निघेपर्यंत लागलेली बारा वर्षे ही या संघाच्या मर्यादेची मोजणीच होय.

संघाला यश कोठे आले व कोठे आले नाही, हे पाहिले म्हणजे सर्व प्रश्नाचे मर्म उलगडते. शिक्षणात यश आले. १९२५ मध्ये मुलींची सरकारी माध्यमिक शाळा शुब्रा येथे निघाली. त्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठाचे दार उघडले आणि १९३३ मध्ये स्त्रियांची पहिली तुकडी पदवीधर झाली. त्यांतील नईमा अल्-अय्यूबी या कायद्याच्या पदवीधर होऊन वकिली करू लागल्या. लग्नाच्या वयाबाबतही १९२३ सालीच कायदा झाला आणि मुलीस सोळा व मुलास अठरा ही मर्यादा ठरली. परंतु बहुपत्नीत्व, तलाक, मुलांचा ताबा यांस हात घालताच वाट अडली. १९२७ च्या सुमारास बहुपत्नीत्वावर निर्बंध घालण्याचा मसुदा सिद्ध झाला होता. राजे फुआद यांच्या विरोधामुळे तो मागे पडला. १९२९ च्या कायद्याने नवऱ्याचा छळ किंवा त्याची दीर्घ अनुपस्थिती या कारणांवरून स्त्रीस न्यायालयामार्फत सुटका मागण्याची मुभा दिली, एवढेच पदरात पडले. नवऱ्याचे घर सोडून गेलेल्या बायकोला पोलिसांकरवी परत आणविण्याची जी ‘आज्ञापालनाच्या घरा’ची चाल होती, ती पोलिसी जबरदस्ती १९६७ पर्यंत उठली नाही.

शाळा उघडणारे राज्य घराच्या कायद्यापाशी का थबकले? याचे उत्तर इजिप्तच्या कायद्याच्या रचनेतच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यापार, मालमत्ता, गुन्हे यांविषयींचे कायदे फ्रेंच धर्तीवर नव्याने करण्यात आले. धर्मशास्त्राच्या न्यायालयांकडे उरले ते प्रामुख्याने विवाह, तलाक व वारसा यांचे क्षेत्र. बाकी सर्व किल्ले परकीयांच्या हाती गेले असता हा एकच बुरूज आपला राहिला, अशी भावना त्यामुळे लोकांत दृढ झाली. देशाच्या स्वत्वाचे ओझे अशा रीतीने स्त्रीच्या संसारावर येऊन पडले, आणि तिने न्याय मागितला की तो बुरूज ढासळतो अशी ओरड करणे सोपे झाले. वस्तुतः शारावीबाई किंवा मलकबाई यांनी धर्म सोडून काही मागितले नव्हते. धर्मानेच दिलेले हक्क रूढीने हिरावले आहेत असे त्यांचे म्हणणे होते. पण बुरुजाच्या रक्षकांना हा भेद ऐकावयाचा नव्हता.

शारावीबाईंची दृष्टी पुढे इजिप्तबाहेर पसरली. १९३८ मध्ये पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर पूर्वेकडील देशांतील स्त्रियांची परिषद त्यांनी कैरोत भरविली. १९४४ च्या डिसेंबरात अरब देशांतील स्त्रियांची मोठी परिषद तेथेच झाली व पुढील वर्षी अरब स्त्रीसंघ जन्मास आला. या परिषदेत एक ठराव व्याकरणाविषयीही होता. अरबीत स्त्रियांच्या समूहासाठी क्रियापदाला व सर्वनामाला जो खास नकार लागतो, तो काढून टाकावा, अशी मागणी तेथे झाली. वर्तमानपत्रांनी तिची थट्टा केली. जिच्या हातून एके काळी व्याकरणाचे पुस्तक काढून घेण्यात आले, तिने साठीनंतर व्याकरणालाच जाब विचारावा, यात मला तरी थट्टेसारखे काही दिसत नाही. १२ डिसेंबर १९४७ रोजी शारावीबाई निवर्तल्या. मत त्यांना आयुष्यभरात एकदाही देता आले नाही.

त्यांच्यामागून पुढे आलेल्या दोरिया शफीक या मध्यम वर्गातल्या. जन्म १९०८, तान्ता गावचा. पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठाच्या त्या डॉक्टर. १९४५ मध्ये त्यांनी ‘बिन्त अल्-नील’, म्हणजे नाईलकन्या, हे मासिक काढले व १९४८ मध्ये त्याच नावाचा संघ स्थापन केला. १९ फेब्रुवारी १९५१ रोजी सुमारे दीड हजार स्त्रियांसह त्या पार्लमेंटच्या आवारात शिरल्या आणि जवळजवळ चार तास तेथून हटल्या नाहीत. आश्वासन मिळाले, फळ मात्र आले नाही, उलट त्यांच्यावर खटला झाला. पुढल्या वर्षी लष्करी क्रांती होऊन राजेशाही गेली. मार्च १९५४ मध्ये नवी घटना करणाऱ्या समितीत एकही स्त्री नाही असे दिसताच शफीकबाईंनी वृत्तपत्रकारांच्या संघाच्या इमारतीत उपोषण आरंभिले. अध्यक्ष नगीब यांच्याकडून स्त्रियांच्या राजकीय हक्कांविषयी लेखी अभिवचन आल्यावरच त्यांनी ते सोडले.

१९५६ च्या घटनेने इजिप्तच्या स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला. पुरुषांचे नाव यादीत आपोआप येई, स्त्रीला मात्र अर्ज करून ते नोंदवावे लागे. तथापि अधिकार मिळाला हे खरे. १९५७ मध्ये राविया अतिया व अमीना शुक्री या दोघी पार्लमेंटात निवडून आल्या. गमाल अब्दुल नासर यांच्या राजवटीने स्त्रियांस पुष्कळ दिले: फुकट शिक्षण, सरकारी नोकऱ्या, कामगार स्त्रियांना संरक्षण, १९६२ मध्ये हिकमत अबू झैद यांच्या रूपाने पहिली स्त्री मंत्री. पण जे दिले त्याच्या बदल्यात काय घेतले, हेही जमाखर्चात मांडले पाहिजे. मताचा अधिकार ज्या वर्षी आला त्याच वर्षी शारावीबाईंच्या स्त्रीसंघाचे स्वतंत्र अस्तित्व संपले. त्यांच्या नावाची एक धर्मादाय संस्था तेवढी मागे राहिली.

शफीकबाईंचे काय झाले ते अधिक शोचनीय आहे. ६ फेब्रुवारी १९५७ रोजी त्या कैरोतील भारतीय वकिलातीत गेल्या आणि त्यांनी आमरण उपोषण जाहीर केले. इस्रायलने इजिप्तच्या भूमीतून निघून जावे व नासर यांची हुकूमशाही संपावी, अशा त्यांच्या दोन मागण्या होत्या. भारताच्या वकिलातीची निवड त्यांनी केली ती भारताच्या तटस्थ धोरणावर विश्वास ठेवून. परिणाम असा झाला की, त्यांना घरात नजरकैदेत ठेवण्यात आले, त्यांचे मासिक बंद पडले, आणि वर्तमानपत्रांत त्यांचे नाव छापले जाईनासे झाले. त्यांच्या संघातील सहकारी स्त्रियांनीही त्यांचा धिक्कार केला. अठरा वर्षे एकांतात काढून २० सप्टेंबर १९७५ रोजी कैरोतील आपल्या घराच्या सज्जावरून पडून त्या मृत्यू पावल्या. इजिप्तच्या स्त्रीला मत मिळवून देण्यासाठी उपाशी राहिलेल्या स्त्रीचा हा शेवट होय.

दिलेला हक्क आणि मिळविलेला हक्क यांत जो फरक असतो, तो पुढल्या इतिहासात स्पष्ट झाला. नासर यांच्या इतक्या सुधारणांतही घराचा कायदा १९२९ सालच्या जागी राहिला. १९७९ मध्ये अध्यक्ष सादात यांनी पार्लमेंटचे अधिवेशन चालू नसताना वटहुकमाने तो बदलला: नवऱ्याने दुसरी बायको केली तर पहिलीस घटस्फोट मिळण्याचा हक्क मिळाला. अध्यक्षांच्या पत्नीच्या नावावरून लोक त्यास ‘जिहानचा कायदा’ म्हणू लागले. १९८५ च्या मे महिन्यात तो सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने रद्द ठरविला. कारण एवढेच की, वटहुकूम काढण्याजोगी निकड नव्हती. वरून आलेले दान एका निकालाने नाहीसे झाले. मग स्त्रियांनी स्वतः धावपळ केली, सह्या व शिष्टमंडळे झाली, आणि काही आठवड्यांत नवा कायदा पार्लमेंटने संमत केला. परंतु दुसऱ्या लग्नामुळे आपले नुकसान झाले हे सिद्ध करण्याचा भार आता पहिल्या बायकोवर आला. २००० साली ‘खुला’चा कायदा झाला. मेहेर व पोटगीवरील हक्क सोडून दिल्यास नवऱ्याच्या संमतीवाचून स्त्रीला न्यायालयातून मोकळे होता येते. हा कायदा मोलाचा खराच. पण ज्या स्त्रीपाशी सोडून देण्यासारखे काही नाही, तिला तो किती उपयोगी, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

न्यायासनाचा हिशेबही येथेच पाहू. १९४९ मध्ये आयशा रातिब या कायद्याच्या पदवीधर तरुणीने राज्यपरिषद नावाच्या न्यायसंस्थेत नेमणूक मागितली. नकार मिळताच तिने दावा लावला. स्त्रीने न्यायाधीश होण्यास कायद्याची वा धर्माची आडकाठी नाही, परंतु तशी वेळ अजून आलेली नाही, असा १९५२ च्या निकालाचा आशय होता. सर्वोच्च घटनात्मक न्यायालयावर तहानी अल्-गबाली यांची नेमणूक झाली २००३ मध्ये. आणि रातिबबाईंनी जेथे अर्ज केला होता त्या राज्यपरिषदेत स्त्रियांनी न्यायाधीशपदाची शपथ घेतली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. मुलीला न्यायकचेरीत बसावयाचे नाही म्हणून व्याकरण शिकू न देणाऱ्या त्या खोजाचे म्हणणे खोटे ठरण्यास एवढा काळ जावा लागला.

या सर्व इतिहासावरून इजिप्तच्या स्त्रिया हरल्या असे कोणी म्हणू नये. आणि पडदा गेला, मत आले, म्हणजे सर्व काही झाले असेही म्हणू नये. पडद्याची गोष्ट तर अशी की, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इजिप्तमधील असंख्य सुशिक्षित स्त्रियांनी डोके झाकण्याची चाल आपण होऊन पुन्हा स्वीकारली. त्यांत डॉक्टर, वकील, प्राध्यापक होत्या. केवळ वस्त्रावरून स्त्रीच्या स्वातंत्र्याचे मोजमाप करणारा येथे फसतो. तिला शाळेत जाता येते काय, तिच्या श्रमाचे मोल पुरुषाइतके होते काय, नको झालेल्या संसारातून तिला मानाने बाहेर पडता येते काय, आणि हे मिळत नसेल तर चारचौघींना जमवून, कोणाच्या परवानगीवाचून, ते मागता येते काय, हे विचारावयाचे प्रश्न आहेत. त्यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत मोठा. कारण पहिल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ज्या ज्या वेळी थोडीबहुत अनुकूल मिळाली, त्या त्या वेळी मागे स्त्रियांची स्वतःची संस्था उभी होती. आणि ती संस्था जेव्हा मोडली गेली, तेव्हा राज्याने उदार हाताने दिलेले हक्कही भाड्याच्या घरासारखे झाले. मालक प्रसन्न असेतो राहावे, त्याची मर्जी फिरली की निघावे. शारावीबाईंनी १९२३ च्या मार्चात जे घर बांधावयास घेतले होते, ते भाड्याचे नव्हते.